उघडी पाठ, अनवाणी पाय

इतिहासातील प्रसंग भाषेत टिकून राहतात ते बहुधा एखाद्या वस्तूच्या आधाराने. इ. स. पूर्व ४९ मध्ये ज्युलियस सीझरने ओलांडलेली रुबिकॉन नदी, इ. स. पूर्व २०७ मध्ये, च्युलूच्या लढाईपूर्वी, श्यांग यू या सेनापतीने फोडायला लावलेल्या स्वयंपाकाच्या हंड्या आणि बुडवलेल्या नावा. १६७० मध्ये सिंहगडावर सूर्याजीने कापल्याचे सांगितले जाणारे दोर. नदी, हंडी आणि दोर या वस्तू तीन संस्कृतींतल्या. पण सांगतात एकच गोष्ट. आता माघार नाही.

असा मेळ दर वेळी जुळतोच असे नाही. बलवान माणसाने क्षमा मागण्याचा प्रसंग घेतला, तर चिनी आणि युरोपीय संकेत एकमेकांकडे चक्क पाठ फिरवतात. चिनी भाषेत 'पाठीवर फोक घेऊन अपराधाची शिक्षा मागणे' असा चार अक्षरांचा वाक्प्रचार आहे. अशा चार अक्षरी, बहुतेकदा कथेतून आलेल्या शब्दबंधांना तेथे 'चेंगयू' म्हणतात. जर्मन व इटालियन भाषांत 'कनोसाला जाणे' म्हणतात. दोन्हींत एक सामर्थ्यवान पुरुष अंगावरची वस्त्रे उतरवून दुसऱ्याच्या दारी उभा राहतो. मात्र पहिला वाक्प्रचार आदराने उच्चारला जातो. दुसरा बहुधा हिणवण्यासाठी.

चिनी कथा सिमा छियान या इतिहासकाराच्या 'शिजी' या ग्रंथात आहे. झाओ राज्यातील लिन श्यांगरू हा मुळात राजवाड्यातील एका खोजाच्या पदरी असलेला माणूस. बलाढ्य छिन राज्याच्या राजाने पंधरा नगरांच्या बदल्यात झाओकडील एक अमूल्य रत्न मागितले, तेव्हा ते घेऊन लिन गेला. नगरे मिळणार नाहीत हे ओळखताच रत्न आणि स्वतःचे मस्तक खांबावर आपटून फोडण्याची धमकी त्याने भर दरबारात दिली आणि रत्न गुपचूप परत पाठवले. उसनी वस्तू जशीच्या तशी परत करणे, या अर्थाचा वेगळा वाक्प्रचार या प्रसंगातून रूढ झाला. पुढे इ. स. पूर्व २७९ मध्ये दोन्ही राजांच्या भेटीत त्याने आपल्या राजाचा मान राखला आणि त्याला सेनापती लियान पो याच्याही वरचे पद मिळाले.

रणांगणावर आयुष्य घालवलेल्या सेनापतीला हे सोसवले नाही. लिन भेटला की त्याचा पाणउतारा करायचा, असे तो उघडपणे बोलू लागला. लिन त्याला टाळू लागला. रस्त्यात दुरून सेनापती दिसला तर आपला रथ वळवू लागला. पूर्वीच्या झाओची राजधानी असलेल्या हानदान शहरात 'रथ वळवल्याची गल्ली' आजही दाखवतात. लिनच्या आश्रितांना मात्र हा भित्रेपणा वाटला. त्यांना त्याने दिलेले उत्तर असे, की आम्ही दोघे आहोत म्हणूनच छिन आपल्यावर चाल करून येत नाही. दोघे भांडलो तर दोघेही उरणार नाही. हे लियान पोच्या कानी गेले. तो अंगरखा उतरवून, उघड्या पाठीवर फोक बांधून लिनच्या दारी गेला.

या फोकाला इंग्रजी भाषांतरांत अनेकदा 'काटे' म्हटले जाते आणि तेथे अर्थ निसटतो. मूळ शब्द 'जिंग'. ही वनस्पती निर्गुडीच्या कुळातील. किंबहुना चिनी 'हुआंगजिंग' म्हणजे आपली निर्गुडीच. तिच्या लवचीक फांद्या शिक्षेसाठी वापरल्या जात. सेनापतीने काट्यांनी स्वतःला क्लेश करून घेतले नाहीत. मारायचे साधन त्याने दुखावलेल्या माणसाच्या हाती दिले. लिनने तो फोक उगारला नाही. दोघे परस्परांसाठी मान देणारे मित्र झाले. युआन काळातील एका नाटकात ली क्वे हा दांडगा वीरही आपल्या नायकावर खोटा आळ घेतल्यावर असाच फोक घेऊन येतो.

कनोसाची कथा जानेवारी १०७७ मधील. बिशपांच्या नेमणुकीचा अधिकार कोणाचा, या वादात पोप सातवे ग्रेगरी यांनी जर्मन राजा चौथ्या हेन्रीला धर्मबहिष्कृत केले होते. वर्षाच्या आत बहिष्कार उठला नाही तर सरदार त्याला राजा मानणार नव्हते. हिवाळ्यात आल्प्स ओलांडून तो उत्तर इटलीतील कनोसाच्या गढीपाशी पोहोचला. लोकरी वस्त्रात, अनवाणी, तीन दिवस तो दाराशी होता, असे खुद्द पोपनीच जर्मन सरदारांना कळवले आहे. बहिष्कार उठला. तात्कालिक हिशेब पाहिला तर डाव हेन्रीने जिंकला, कारण क्षमा मागणाऱ्याला नाकारणे धर्मगुरूला शक्यच नव्हते. १०८० मध्ये त्याला पुन्हा बहिष्कृत केले गेले आणि १०८४ मध्ये त्याने रोम घेतले.

तरीही स्मृतीत राहिले ते राजाचे उघडे पाय. येथे फोक घेऊन येणाऱ्याला रथ वळवणारा कोणी नव्हता. एक वर आणि एक खाली, एवढेच चित्र उरले. कॅथलिक चर्चशी संघर्ष पेटला असताना मे १८७२ मध्ये बिस्मार्क यांनी संसदेत, आपण कनोसाला जाणार नाही, देहाने नाही आणि मनानेही नाही, असे ठणकावले. हेन्रीनेच बांधलेल्या हार्झबुर्ग किल्ल्याच्या टेकडीवर १८७७ मध्ये या उद्गाराचा स्तंभही उभारला गेला. पुढे १८८६-८७ मध्ये चर्चविरोधी कायदे सैल करण्याची वेळ आली, तेव्हा हाच शब्द त्यांच्यावर उलटला.

७ डिसेंबर १९७० रोजी पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट यांनी वॉर्सामधील ज्यूंच्या स्मारकापुढे गुडघे टेकले. स्वतः नाझींविरुद्ध लढलेल्या या नेत्याला वैयक्तिक अपराध कबूल करायचा नव्हता. तो त्यांनी देशाच्या वतीने पाठीवर घेतला होता. 'डेर श्पीगल' साप्ताहिकाने तेव्हा घेतलेल्या जनमत चाचणीत ४१ टक्के जर्मनांना ही कृती योग्य वाटली, तर ४८ टक्क्यांना ती अतिरेकी वाटली.