मुलाला ‘एडीएचडी’ आहे का, हे कसं ठरवतात? रक्ताची चाचणी नाही, मशीन नाही. घरची आणि शाळेची माहिती हीच मुख्य तपासणी

वर्गात एका जागी बसत नाही, पेन्सिल-वही रोज हरवतो, सांगितलेलं काम अर्धवट टाकून पळतो, रांगेत थांबत नाही. अशा मुलाला कुणी ‘हूड’ म्हणतं, कुणी ‘डोक्यानं कमी’ म्हणतं, तर कुणी नजर लागली म्हणून अंगारा लावायला सांगतं. हल्ली मोबाईलवर दोन रील बघून ‘याला एडीएचडी असणार’ असंही सांगणारे भेटतात. यातल्या कशानेही निदान होत नाही. मग ते कशानं होतं, कोण करतं, कुठं होतं आणि पालकांनी जाताना काय तयारी करायची, याची ही माहिती.

एडीएचडी म्हणजे नेमकं काय?

मुलाच्या वयाच्या मानानं लक्ष टिकवणं, हालचालीवर ताबा ठेवणं आणि मनात आलं की लगेच न करता थांबणं जमत नाही, अशी ही अवस्था आहे. मराठीत तिला अवधान-अभाव व अतिचंचलता म्हणतात. मेंदूच्या वाढीशी तिचा संबंध आहे आणि ती बऱ्याचदा एकाच घरातल्या दोघा-तिघांत दिसते. हा वेडेपणा नाही, मतिमंदत्व नाही आणि आईच्या लाडामुळे झालेला बिघाडही नाही. जगभरातील अभ्यासांनुसार शंभरातील साधारण पाच मुलांमध्ये ती आढळते. मुलींमध्ये निदान कमी होतं. त्याचं एक कारण असं की अनेक मुली दंगा करत नाहीत, नुसत्या हरवल्यासारख्या बसून राहतात, त्यामुळे कुणाचं लक्षच जात नाही.

रक्त, एमआरआय, ईईजी यांत कळत नाही का?

नाही. एडीएचडी आहे की नाही, हे सांगणारी रक्ताची चाचणी नाही. सिटी स्कॅन, एमआरआय किंवा ईईजीवरूनही हे निदान करत नाहीत. त्यामुळे ‘निदान पक्कं करायला आधी एमआरआय काढू’ असं कुणी म्हटलं, तर तो कशासाठी हवा आहे, हे डॉक्टरांना जरूर विचारा. दुसऱ्या एखाद्या आजाराची शंका असेल तर डॉक्टर या तपासण्या सांगू शकतात. जसं की, मूल बोलता बोलता काही सेकंद एकटक बघत राहतं, हाक मारली तरी भानावर येत नाही आणि मग पुन्हा पहिल्यासारखं होतं. हा फिटचा एक प्रकार असू शकतो आणि तिथं ईईजीचा उपयोग होतो.

डॉक्टर कोणते निकष बघतात?

अमेरिकन मानसोपचार संघटनेनं २०१३ मध्ये काढलेल्या ‘डीएसएम-५’ या नियमावलीतले निकष भारतातले डॉक्टरही वापरतात. त्यात लक्षणांचे दोन गट आहेत, प्रत्येकात नऊ लक्षणं.

पहिला गट, लक्ष न टिकण्याचा:
- येत असलेल्या गणितातही घाईनं चुका करणं
- अभ्यासात किंवा खेळातही लक्ष फार वेळ न टिकणं
- समोर बोलत असतानाही ऐकत नसल्यासारखं वाटणं
- काम सुरू करणं, पण पूर्ण न करणं
- दप्तर, वेळ, कामाचा क्रम यांचा मेळ न बसणं
- डोकं लावून बसावं लागेल असं काम टाळणं
- वही, चप्पल, डबा, कंपास सतत हरवणं
- बाहेर ट्रॅक्टर वाजला तरी लगेच लक्ष उडणं
- रोजची साधी कामंही विसरणं

दुसरा गट, अतिचंचलता आणि उतावळेपणाचा:
- हात-पाय सतत हलवणं, बसल्या जागी चुळबुळ करणं
- बसायचं असतं तिथून उठून जाणं
- नको तिथं पळणं, चढणं
- शांतपणे खेळता न येणं
- सतत चावी दिल्यासारखं फिरत राहणं
- अखंड बडबड
- प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर देणं
- आपली पाळी येईपर्यंत न थांबणं
- दुसऱ्याच्या बोलण्यात, खेळात घुसणं

ही यादी वाचली की प्रत्येक घरातलं पोरगं त्यात बसतं असं वाटेल. म्हणूनच नुसती लक्षणं मोजून भागत नाही. सोबत पुढच्या अटीही पूर्ण व्हाव्या लागतात.

१. कोणत्याही एका गटातली किमान सहा लक्षणं, किंवा दोन्ही गटांतली सहा-सहा. वय १७ किंवा जास्त असेल तर पाच.
२. ती किमान सहा महिने टिकलेली आणि त्या वयाच्या इतर मुलांपेक्षा स्पष्ट जास्त.
३. काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासूनची.
४. दोन किंवा अधिक ठिकाणी दिसणारी, म्हणजे घरी आणि शाळेतही.
५. त्यामुळे अभ्यास, मैत्री किंवा घरातल्या व्यवहाराचं खरंच नुकसान होणं.
६. दुसऱ्या कारणानं त्याचा उलगडा न होणं.

चौथी अट फार महत्त्वाची आहे. फक्त शाळेतच त्रास असेल तर शिकवणं समजत नाही का, मास्तरांची किंवा कुणा मुलाची भीती आहे का, हे पाहावं लागतं. फक्त घरीच असेल तर घरात काय चाललंय, ते पाहावं लागतं.

आधी बाकीची कारणं तपासतात

चांगली तपासणी इथूनच सुरू होते. एडीएचडीसारखं दिसणारं, पण दुसरंच काही असू शकतं:

- कान आणि डोळे. कान वाहतो किंवा कमी ऐकू येतं, तर मूल सूचना पाळत नाही. फळ्यावरचं दिसत नसेल, तर लक्ष उडतंच.
- रक्त कमी असणं. जंत, अपुरा आहार, लोहाची कमतरता यांनी मूल थकतं आणि लक्ष लागत नाही.
- झोप. रात्री घोरणं, तोंडानं श्वास घेणं, उशिरापर्यंत मोबाईल. झोप अपुरी झालेलं लहान मूल पेंगत नाही, उलट जास्त चिडतं आणि धावतं.
- वाचन-लेखनाची अडचण. अक्षरंच लागत नसतील, तर पुस्तक समोर आलं की मूल उठून जाणार. ही अडचण एडीएचडीसोबतही असू शकते.
- भीती, दुःख, घरातली भांडणं, दारू, मारहाण. धास्तावलेल्या मुलाचं लक्ष कुठंच लागत नाही.
- वयानं लहान असणं. वर्गात सगळ्यात लहान असलेलं मूल मोठ्यांच्या तुलनेत चंचल वाटतं. तुलना वर्गाशी नको, वयाशी हवी.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. वर्षातले पाच-सहा महिने शाळा सुटली, की मूल मागं पडतं आणि वर्गात त्याचं मन लागत नाही. हे स्थलांतराचं नुकसान आहे, त्याला लगेच आजाराचं नाव देऊ नये. पण उलटही घडतं. ‘शाळा बुडाली म्हणून असेल’ असं म्हणत खऱ्या एडीएचडीकडे वर्षानुवर्षं दुर्लक्ष होतं. दोन्ही बाजू डॉक्टरांना सांगाव्या लागतात.

तपासणीत प्रत्यक्ष काय होतं?

निदान मानसोपचारतज्ज्ञ किंवा या विषयाचं प्रशिक्षण घेतलेले बालरोगतज्ज्ञ करतात. मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात. शिक्षक, आशाताई, अंगणवाडीताई शंका व्यक्त करू शकतात आणि ते मोलाचंच असतं, पण निदान त्यांच्या हातात नाही.

सुरुवात आई-वडिलांच्या मुलाखतीनं होते. बाळंतपण कसं झालं, मूल कितव्या महिन्यात जन्मलं, कधी चाललं-बोललं, फिट आली होती का, डोक्याला मार लागला होता का, घरात आणखी कुणी असं होतं का, हे विचारतात. मूल आजी-आजोबांजवळ राहत असेल तर त्यांनाच सोबत नेलेलं बरं. आश्रमशाळेत असेल तर अधीक्षक किंवा वर्गशिक्षकांकडून चिठ्ठी घ्यावी.

नंतर प्रश्नावली भरून घेतात. ‘व्हँडरबिल्ट’ नावाची प्रश्नावली ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी आहे. तिचा एक फॉर्म पालकांचा, एक शिक्षकांचा. प्रत्येक गोष्ट ‘कधीच नाही, कधीतरी, बऱ्याचदा, सतत’ यांपैकी किती घडते, त्यावर खूण करायची. भारतातच तयार झालेली ‘इनक्लेन’ ही पद्धत ६ ते ९ वर्षांच्या मुलांसाठी आहे. लिहिता-वाचता येत नसेल तर लाजू नका, प्रश्न वाचून दाखवायला सांगा. मात्र प्रश्नावलीतले गुण म्हणजे निदान नव्हे, तो डॉक्टरांच्या हातातला एक पुरावा असतो.

डॉक्टर मुलाशी बोलतात, त्याला खेळताना बघतात, वजन-उंची, कान-डोळे तपासतात. गरज वाटल्यास बुद्धिमापन आणि वाचन-लेखन-गणिताची चाचणी सांगतात. इथं पालकांचा एक घोळ होतो. डॉक्टरांच्या खोलीत मूल दहा मिनिटं अगदी गप्प बसतं आणि वडील म्हणतात, “बघा, इथं कसा शहाण्यासारखा बसलाय!” नवी जागा, अनोळखी माणूस असलं की एडीएचडी असलेलं मूलही थोडा वेळ शांत बसू शकतं. तसंच मोबाईलवर तासभर गेम खेळतो म्हणजे लक्ष चांगलं आहे, असंही नाही. दर सेकंदाला काहीतरी नवं देणाऱ्या खेळात लक्ष टिकणं वेगळं आणि पाढे पाठ करताना टिकणं वेगळं. म्हणून एका भेटीत निदान झालं नाही तर डॉक्टर टाळाटाळ करतायत असं समजू नका. दोन-तीन फेऱ्या लागू शकतात.

चार वर्षांखालचं मूल धावणारच. त्या वयात हे निदान सहसा करत नाहीत.

जायचं कुठं?

- शाळेत येणारं आरोग्य पथक. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (आरबीएसके) १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी-अनुदानित शाळेत एकदा येतं. तपासायच्या यादीत एडीएचडी आणि अध्ययन अडचणीही आहेत. पथक कधी येणार, हे मुख्याध्यापकांना विचारून ठेवा आणि त्या दिवशी स्वतः हजर राहा.
- डीईआयसी. पथकाला शंका वाटली तर मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या या केंद्रात पाठवतात. जाताना पथकाची चिठ्ठी सोबत ठेवा.
- जिल्हा रुग्णालय किंवा सरकारी मेडिकल कॉलेज. तिथल्या मानसोपचार किंवा बालरोग ओपीडीत केसपेपर काढून थेट दाखवता येतं. तज्ज्ञ कोणत्या वारी बसतात, हे आधी विचारा, म्हणजे मजुरी आणि एसटीचं भाडं वाया जाणार नाही. यासाठी ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयातच जावं लागतं, हा गैरसमज आहे.
- टेलि-मानस, फोन १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासूनची ही सरकारी सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. फोनवर निदान होत नाही, पण कुठं जायचं, हे कळतं.

जाताना ही तयारी करा

एका वहीत दोन आठवडे रोज दोन ओळी लिहा. ‘खूप त्रास देतो’ असं नको. ‘जेवताना चार वेळा उठला’, ‘गृहपाठाच्या दहा ओळींतल्या तीन लिहिल्या’, ‘रस्ता न बघता पळत सुटला’ असं नेमकं लिहा. किती वाजता झोपला, तेही लिहा. सोबत न्या: शाळेच्या वह्या, प्रगतीपुस्तक, वर्गशिक्षकांची चिठ्ठी, जुने दवाखान्याचे कागद, जन्माचे कागद. मुलाच्या चांगल्या गोष्टीही सांगा, उपचार ठरवताना त्या उपयोगी पडतात.

मुलासमोर ‘हा वायाच गेलाय’ असं डॉक्टरांना सांगू नका. ते तो ऐकत असतो.

निदान झालं तर पुढं?

लहान मुलांत, विशेषतः सहा वर्षांच्या आत, पहिला उपचार म्हणजे पालकांना प्रशिक्षण. सूचना कशी द्यायची, काम छोट्या तुकड्यांत कसं करून घ्यायचं, जमलं की लगेच शाबासकी कशी द्यायची, हे शिकवतात. शाळेत पुढच्या बाकावर, खिडकीपासून लांब बसवणं, मध्ये उठून फळा पुसायला लावणं, अशा साध्या गोष्टींनीही फरक पडतो. सहा वर्षांपुढच्या मुलांना गरज असेल तर डॉक्टर औषध देतात. त्याआधी वजन, नाडी, रक्तदाब बघतात आणि घरात कुणाला हृदयाचा आजार आहे का, ते विचारतात. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायची. शेजारच्याच्या मुलाची गोळी आपल्या मुलाला द्यायची नाही आणि मनानं बंदही करायची नाही.

प्रमाणपत्राबद्दलही बरेच जण विचारतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत एडीएचडी स्वतंत्रपणे नाही, मात्र विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. मुलाला वाचन-लेखनाची अडचणही असेल तर तिची वेगळी तपासणी करून घ्या.

मोठ्या माणसांचं काय?

मुलाची प्रश्नावली भरताना काही वडिलांना आपलंच लहानपण आठवतं. मोठ्यांतही हे निदान होतं. पण लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून होती, हे दिसावं लागतं. त्यासाठी आई, मोठा भाऊ, बहीण यांच्याकडून माहिती घेतात, जुनं प्रगतीपुस्तक बघतात. नोकरी गेल्यावर किंवा कर्ज झाल्यावर नव्यानं लक्ष लागेनासं झालं असेल, तर त्याचं कारण बहुतेक वेगळं असतं आणि त्यावरही उपचार आहेत.

थोडक्यात लक्षात ठेवा

- निदान एका चाचणीनं होत नाही, घर आणि शाळा दोन्हीकडच्या माहितीवरून होतं.
- आधी कान, डोळे, रक्त, झोप तपासून घ्या.
- सहा महिन्यांपेक्षा जास्त त्रास असेल आणि शिक्षणाचं नुकसान होत असेल, तर वाट बघू नका.
- मारून एडीएचडी जात नाही. मारानं भीती वाढते आणि भ्यालेल्या मुलाचं खरं कारण शोधणं डॉक्टरांनाही अवघड जातं.
- तपासणीत ‘एडीएचडी नाही’ असं निघालं, तरी फेरी वाया गेली असं समजू नका. चष्मा, कानाचं औषध किंवा लोहाची गोळी यातून मुलाचं वर्ष वाचू शकतं.