वेठ, श्रमदान आणि श्रेणी ‘अ’

माझा आजा राहुरी तालुक्यातल्या मुळाकाठच्या गावचा. त्याच्या बापाच्या वाट्याला महारकी होती. पाटलाचा सांगावा पोचवायचा, साहेबाचा मुक्काम पडला की त्याच्या घोड्याला वैरण टाकायची, लाकडं फोडायची, मेलेलं ढोर ओढायचं. बदल्यात वतनाचा तुकडा आणि सुगीला बलुतं. मी मिशनच्या बोर्डिंगमधून पहिल्यांदा सुट्टीला घरी आले आणि फुशारकीनं सांगितलं, की आम्ही मुली पहाटे शाळेचं आवार झाडतो, बागेला पाणी घालतो, रविवारी मिस्सा झाली की वस्तीतल्या एकट्या म्हाताऱ्यांची घरं सारवून देतो, आणि सिस्टर म्हणतात ही सेवा आहे. आजानं चिलीम बाजूला ठेवली. “पैसं देत्यात का?” मी म्हटलं, नाही. “मंग वेठच की गं पोरी ती.”

पुढे मी अशाच एका शाळेत पस्तीसेक वर्षं शिकवलं. दर वर्षी दहावीच्या मुलांच्या तक्त्यात समाजसेवेची श्रेणी भरली. आज्याच्या त्या वाक्याला उत्तर द्यायचं राहूनच गेलं होतं. माझा भाचा अमेरिकेत असतो. त्याचा मुलगा तिथल्या कॅथलिक हायस्कुलात शिकतो आणि ठरावीक तास सेवा केल्याशिवाय त्याला शाळेचा दाखला मिळत नाही. मेरीलँड राज्यानं तर 1992 मध्ये सरकारी शाळांनाही 75 तासांची अट घातली. भाच्याला वाटतं ही तिकडची नवी कल्पना. आपल्या जिल्ह्यात ती किती जुनी आहे आणि इथे तिचं काय काय झालं, ते सांगते.

नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर, माझ्या तोंडी अजून नगरच येतं) अमेरिकन मराठी मिशन 1831 पासून होतं. कॅथलिक फादर आले ते जवळजवळ अर्ध्या शतकानंतर, 1876-78 च्या दुष्काळाच्या पाठोपाठ. जर्मन जेझुइट. केंदळ, वळण, पुढे राहाता, संगमनेर अशी त्यांची ठाणी पडली. त्यांच्याकडे गेले ते बहुतेक महार आणि मांग. भाकरीसाठी बाटले, असं त्यांना गाव म्हणायचं. मला ह्या टोमण्याचा कधी राग आला नाही. दुष्काळात भाकरीसाठी माणूस काय करत नाही? पण भाकर संपल्यावरही ही माणसं तिथेच राहिली, आणि त्याचं मोठं कारण शाळा होतं. गावातल्या शाळेत पोराला ओट्याखाली बसवत. इथे त्याला पाटी मिळत होती. पहिल्या महायुद्धात ह्याच जर्मन फादरांना इंग्रजांनी शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून पकडलं आणि त्यांच्यातल्या अनेकांना नगरच्याच छावणीत काटेरी तारांमागे ठेवलं. ज्या मुलखाला वाचायला शिकवायला आले, त्याच मुलखात कैदी झाले! नंतरच्या काळात पुण्याकडच्या ह्या मिशनात स्विस जेझुइट आले. त्यांच्यातल्या एकाविषयी पुढे सांगायचं आहे.

बोर्डिंगची शाळा चालते कशी, हे बाहेरच्या माणसाला फारसं ठाऊक नसतं. फी नावापुरती, तीही काही घरांतून पायलीभर ज्वारीच्या रूपात यायची. गडीमाणसं ठेवायला पैसा नव्हता. म्हणून विहिरीचं पाणी शेंदायचं कोणी, दळण निवडायचं कोणी, भांडी, झाडलोट, संडास, मक्याला पाणी कोणी द्यायचं, तर मुलांनीच. व्हरांड्यात पाळीचा तक्ता टांगलेला असे. सेवेचा धर्म वगैरे नंतर. आधी हिशेब होता, आणि तो लपवण्यासारखा नव्हता. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहातल्या मुलांना कामाला लावलं तेही ह्याच हिशेबानं, आणि त्यात त्यांनी स्वाभिमान घातला. गांधींची नई तालीम 1937 ची. आमच्या फादरांनी ह्यातलं काय वाचलं होतं मला माहीत नाही. विहिरीला रहाट होता आणि पोरं शंभरावर होती, एवढं पुरेसं होतं.

पण त्या तक्त्यात एक गोष्ट अशी होती जी आज्याच्या बापाच्या कामात नव्हती. संडासाच्या पाळीत प्रत्येकीचं नाव यायचं. महारांची, मांगांची, शिवाय दोनतीन धनगरांच्या पोरी होत्या त्यांचंही. सिस्टरही हातात खराटा घेऊन उतरायच्या. गावात ज्या कामाला जात चिकटली होती, ते काम इथे सोमवार, मंगळवार, बुधवार असं फिरायचं. मला वाटतं आमच्या सगळ्या धर्मशिक्षणात त्या पाळीच्या तक्त्याइतकं मोठं दुसरं काही नव्हतं.

अर्थात तक्त्यालाही भोकं होती. गावातून येऊन-जाऊन करणारी मुलं, म्हणजे पेठेतल्या दुकानदारांची, बागायतदारांची, घंटा झाली की घरी जायची. झाडू फक्त बोर्डिंगच्या हातात. त्यांच्या वर्गाचा केर आम्ही काढायचो. तेव्हा ते कोणाला खटकलं नाही, मलाही नाही.

मग 1972 आलं. आमच्या भागात त्याच्या आधीची दोन वर्षंही पावसाची नव्हती. त्या वर्षी मुळाला पाणी नव्हतं, विहिरींना नव्हतं, जनावरं कवडीमोलानं गेली. सरकारनं रस्ते, पाझर तलाव, खडी फोडणं अशी दुष्काळी कामं काढली. मे 1973 मध्ये राज्यभर अशा कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. बोर्डिंगात अमेरिकेच्या मदतीचे तेलाचे डबे यायचे, त्यांवर दोन हात मिळवल्याचं चित्र. भाकरी लाल मिलोच्या, घशाखाली न उतरणाऱ्या. कामावर सुकडी. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आईबरोबर खडीवर गेले, हातोडीनं बोटं फोडून घेतली.

तिथे मला पहिल्यांदा कळलं की शिकलेल्या पोरीचा गावाला उपयोग काय. खडीची मजुरी मापावर होती, शंभर घनफुटांचा एक ब्रास. मुकादम ढीग मोजायचा, आकडा सांगायचा, बाया अंगठा द्यायच्या. माझ्याबरोबर बोर्डिंगची आणखी एक मुलगी होती. आम्ही दोघींनी भूमितीत घनफळ शिकलं होतं. सुतळीला गाठी मारून आम्ही ढिगाची लांबी, रुंदी, उंची घेऊ लागलो आणि मस्टरवरचा आकडा वाचून बायांना सांगू लागलो. मुकादम चिडला, पण मापं सुधारली. ह्या कामाचा कुठल्या वहीत उल्लेख नाही. कोणी सांगितलं नव्हतं, तास मोजले नव्हते. तरी घरं सारवण्याच्या रविवारांपेक्षा मला ह्याचा अभिमान जास्त आहे.

त्याच वर्षी, 31 जुलै 1973 रोजी, स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात जेझुइट संघाचे प्रमुख फादर पेद्रो अरुपे आपल्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांपुढे बोलायला उभे राहिले. हा माणूस 1945 मध्ये हिरोशिमाजवळ होता, बॉम्बनं भाजलेल्यांच्या जखमा त्यानं स्वतः धुतल्या होत्या. समोर बसलेले बहुतेक खात्यापित्या घरचे. अरुपेंनी त्यांना विचारलं, आम्ही तुम्हाला न्यायासाठी शिकवलं का? आणि स्वतःच उत्तर दिलं, की नाही. आमच्या शाळांनी इतरांसाठी जगणारी माणसं घडवायला हवीत, असं ते म्हणाले. काही श्रोते चांगलेच दुखावले. पण जगभरच्या कॅथलिक शाळांत सेवेचे तास, सेवेचे प्रकल्प, सेवेची प्रमाणपत्रं ह्या भाषणानंतर जोरात वाढली.

मी हे भाषण बऱ्याच वर्षांनी, शिक्षकांच्या शिबिरात वाचलं. चांगलं वाटलं आणि अडखळायलाही झालं. त्यात गृहीत असं होतं की विद्यार्थी एका बाजूला आणि गरीब दुसऱ्या बाजूला. विद्यार्थ्यानं उठून पलीकडे जायचं. माद्रिदमध्ये, मुंबईच्या इंग्रजी शाळांत ते खरं असेल. आमच्या बोर्डिंगच्या पोरांनी जायचं कुठे? आम्हीच पलीकडचे होतो.

ह्या अडचणीला उत्तर शाळेतून मिळालं नाही. ते शेतातून, बंधाऱ्यावरून मिळालं. फादर हर्मन बाखर हे स्विस जेझुइट 1948 मध्ये भारतात आले. साठच्या दशकात नगरला त्यांनी सोशल सेंटर उभं केलं. विहिरी, पाझर तलाव, शेतीची कर्जं असं करता करता त्यांच्या ध्यानात आलं की डोंगरावरचं पाणी अडवल्याशिवाय खालची विहीर भरणार नाही. 1989 पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम, आणि 1993 मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्याबरोबर ‘वॉटर’ ही संस्था. संगमनेर तालुक्यातली मेंढवण, दरेवाडी ही गावं ह्याच कामातली. त्याच्या आधी, 1975 पासून, पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीला अण्णा हजारेंनी नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान अशी पंचसूत्री आणली होती. बाखर फादरांच्या कार्यक्रमातही श्रमदान सक्तीचंच होतं: अकुशल मजुरीच्या खर्चातला ठरावीक हिस्सा गावानं अंगमेहनतीनं भरायचा. पण भूमिहीनांना आणि एकटीच्या बळावर घर चालवणाऱ्या बायांना त्यातून वगळलेलं होतं.

मला ही अट वाचून आजा आठवला. बंधारा झाला की पाणी ज्याच्या विहिरीत उतरणार, त्यानं फुकट राबावं. ज्याला विहीरच नाही, त्यानं राबावं तर मजुरी घेऊन. इतकं साधं, आणि गावाला दीडशे वर्षांत सुचलं नव्हतं. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं ते ह्याच फुकट राबण्याच्या विरुद्ध. कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा यायला 1958 उजाडलं. त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांनी मी आज्याला सेवेचं कौतुक सांगत होते. त्याला ते रुचलं नाही ह्यात नवल नाही.

ह्या सगळ्यापेक्षा बोर्डाच्या समाजसेवेची गोष्ट लहान आहे आणि जरा विनोदी. कोठारी आयोगानं 1966 मध्ये कार्यानुभव आणि समाजसेवा शिक्षणात यावी असं सुचवलं. कॉलेजांत 1969 पासून राष्ट्रीय सेवा योजना आली. शाळांत कार्यानुभव आणि समाजसेवा श्रेणीचे विषय झाले. मार्क नाहीत, अ-ब-क. एकदा श्रेणी आली की सगळ्यांना ‘अ’ हे ओघानं आलंच. जूनमध्ये वृक्षारोपण, त्याच खड्ड्यात पुढच्या जूनमध्ये पुन्हा वृक्षारोपण. पल्स पोलिओची फेरी. 2000 नंतर गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं तेव्हा मात्र काम खरंच झालं, कारण तपासणीला बाहेरचे लोक यायचे आणि सरपंच स्वतः झाडू घेऊन पुढे असायचे. साक्षरतेच्या मोहिमेत नववीच्या मुलांना प्रत्येकी एक निरक्षर माणूस शोधायला सांगितला. बहुतेकांनी गावभर शोधण्याची तसदी घेतली नाही. आईलाच घेऊन बसली. एका सहकाऱ्यांचं म्हणणं, ही समाजसेवा नव्हे, घरच्या घरी भागवलं. मी भांडले. त्या मुलांची आई समाजात येत नाही का?

मुख्याध्यापक झाल्यावर मी दोन गोष्टी केल्या. सफाईच्या पाळीत येऊन-जाऊन करणारी मुलं घातली. दोन पालक तक्रार घेऊन आले, चहा पिऊन गेले, पाळी राहिली. दुसरी गोष्ट अवघड होती. आमच्याकडे पाथर्डी, शेवगावकडची ऊसतोड कामगारांची मुलं असायची. दिवाळीनंतर घर कारखान्याच्या फडावर जायचं ते उन्हाळा लागल्यावर परतायचं. काही मुलं बोर्डिंगात राहायची, काही आईबापांबरोबर जायची आणि परीक्षेपुरती यायची. त्यांच्या समाजसेवेचा रकाना रिकामा. नियमानं त्यांना ‘क’ द्यायला हवा होता.

एका दहावीच्या मुलाला मी समोर बसवून विचारलं, बाबा, सहा महिने केलंस काय? तो सांगत गेला. पहाटे तीनला बैलांना वैरण. आई-वडील कोयता घेऊन फडात गेले की तळावरच्या सात लहान पोरांना राखायचं, त्यातली दोनच त्याच्या घरची. संध्याकाळी त्यांना पाढे. मुकादमाकडच्या उचलीचा हिशेब टोळीतल्या चार घरांना वाचून दाखवायचा, कारण टोळीत वाचता येणारा तो एकटाच. मी त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि हे सगळं लिहून काढायला लावलं. खाली सही केली, ‘अ’ दिला, आणि पुढच्या वर्षापासून ऊसतोडीच्या प्रत्येक मुलाकडून असा कागद घ्यायचा असं शिक्षकांच्या सभेत ठरवून घेतलं. इतिवृत्तात विरोधाची दोन मतं नोंदलेली आहेत.