म्यान शिवणारे आम्ही, शस्त्र मात्र दुसऱ्याच्या हाती

चामड्याचे काम म्हणजे अडाण्याचे काम, त्याला बुद्धी लागत नाही, असे आपल्याला पिढ्यानपिढ्या ऐकवले गेले. हा दावा आपण एका लहानशा वस्तूवर तपासू : पिस्तुलाचे होल्स्टर, आणि त्याचे बाहेरून न दिसणारे अस्तर.

बाहेरच्या थराला बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेले चामडे चालते. ते ओले करून पिस्तुलावर दाबले की वाळल्यावर तोच आकार धरून ठेवते. क्रोमचे मऊ चामडे तसा आकार धरत नाही. अस्तराचा प्रश्न वेगळा, कारण ते थेट धातूला भिडते. स्वेडच्या लवेत धूळ आणि ओल अडकते; धुळीने पोलाद घासते, ओलीने गंजते. म्हणून पातळ चामडे घेऊन त्याची गुळगुळीत बाजू धातूकडे ठेवणे बरे. तरीही कातडीत क्षार राहिले तर गंज चढतो, आणि सालीतल्या टॅनिनमुळे पितळी काडतुसे कळकतात. शिवाय अस्तर सपाट ठेवून चिकटवले तर चामडे वळवताना आत सुरकुत्या पडतात.

हे रसायनशास्त्र नाही तर काय? आपल्याकडे कातडी कमावण्याचे ज्ञान ढोर समाजाने आणि कापण्या-शिवण्याचे चर्मकार समाजाने सांभाळले. कोणत्याही पाठशाळेने नव्हे.

आता इतिहास पाहा. 1857 नंतर इंग्रजांनी कानपूरला सैन्यासाठी खोगीर आणि चामडी सामानाचा सरकारी कारखाना काढला. त्या शहराच्या चर्मोद्योगात चमार कामगार मोठ्या संख्येने राबले. पण 1878 च्या शस्त्र कायद्याने हत्याराला परवाना लागू झाला, आणि 1890 च्या दशकात 'लढाऊ जाती'च्या नावाखाली महारांची सैन्यभरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर महार रेजिमेंट उभी राहायला 1941 उजाडले. चमार रेजिमेंट 1943 ला उभारली आणि 1946 मध्ये मोडलीही! म्हणजे चामड्याला हात लावायला आपण चालत होतो, शस्त्राला नाही.

कुणी म्हणेल, मग परंपरेचा अभिमान बाळगा आणि तेच काम करा. आम्हाला हे मान्य नाही. कौशल्याचा अभिमान जरूर हवा, जन्माने लादलेल्या सक्तीचा नाही. जात ही केवळ श्रमाची नव्हे, श्रमिकांचीही विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 मध्येच दाखवून दिले.

म्हणून तरुण मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना रापी, आरी आणि सालीबद्दल विचारा व लिहून ठेवा. चर्मतंत्रज्ञानाच्या पदव्या घ्या, कारखान्यांचे मालक व्हा, किंवा हे काम पूर्ण सोडा. निवड मात्र आपली असली पाहिजे.

जय भीम!