फी नसलेलें कॉलेज

गरीब विद्यार्थ्याच्या उच्च शिक्षणाचा भार कोणीं वाहावा, हा प्रश्न फार जुना आहे. कोठें एखादा धनिक शिष्यवृत्ति ठेवतो, कोठें सरकार कर्ज देतें, तर कोठें विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून दिवस काढतो. अमेरिकेंतील केंटकी राज्यांत बेरिया नांवाचें एक खाजगी ख्रिस्ती कॉलेज आहे. त्यानें या प्रश्नाचें जें उत्तर काढलें तें निराळें आहे. आणि त्या उत्तराचा इतिहास वाटतो तितका सरळ नाहीं.

कॉलेजचा संस्थापक जॉन फी नांवाचा पाद्री. ज्या कॉलेजांत शिकवणीची फी घेत नाहींत त्याच्या जनकाचें आडनांवच फी असावें, ही गंमत मराठी श्रोत्यांच्या लक्षांत आल्यावांचून राहणार नाहीं! फी हा गुलामगिरीचा कट्टा शत्रु. वडील गुलामांचे मालक. त्यांनीं मुलाला वारसाहक्कांतून काढून टाकलें. कॅशियस क्ले नांवाच्या जमीनदारानें मॅडिसन परगण्यांत जागा दिली, आणि १८५५ सालीं तेथें एका खोलीची शाळा सुरू झाली. ‘बेरिया’ हें नांव ‘नव्या करारां’तील एका गांवाचें; तेथील लोकांनीं उपदेश मोकळ्या मनानें ऐकला, असें त्यांत सांगितलें आहे. केंटकींतील लोकांचें मन मात्र तितकें मोकळें नव्हतें. १८५९ च्या ऑक्टोबरांत जॉन ब्राउन यानें हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारावर हल्ला केला, त्यामुळें गुलामांचे मालक बिथरले आणि डिसेंबरांत सशस्त्र जमावानें फीच्या सहकाऱ्यांना राज्याबाहेर घालवून दिलें.

यादवी युद्धानंतर मंडळी परत आली. १८६६ च्या सुमारास शाळेंत १८७ विद्यार्थी होते. त्यांपैकीं ९६ कृष्णवर्णी व ९१ गोरे. कालपरवां ज्यांची खरेदीविक्री होत होती, त्यांची मुलें गोऱ्या मुलांच्या शेजारीं बसून शिकूं लागलीं. त्या काळीं दक्षिणेंत ही गोष्ट अघटितच म्हणावयाची.

१८९२ पासून शिकवणीची फी बंद झाली. राहण्याजेवण्याच्या खर्चासाठीं विद्यार्थ्यानें काम करावयाचें. शेती, स्वयंपाकघर, सुतारकाम, विणकाम, केरसुण्या बांधणें, अशीं कामें असत. घरीं विणलेल्या चादरी कॉलेजला देऊन मुलाचा खर्च भागविणारीं डोंगराळ भागांतील कुटुंबेंहि होतीं. १९०९ सालीं उघडलेल्या ‘बून टॅव्हर्न’ या कॉलेजच्या उपाहारगृहांतहि विद्यार्थीच राबत. काम कोणालाच चुकत नसल्यामुळें त्यांत कमीपणा उरला नाहीं, ही या योजनेची खरी खुबी होय.

१८९२ सालींच विल्यम फ्रॉस्ट हे अध्यक्ष झाले. अॅपलेशियन डोंगरांतील दरिद्री गोऱ्यांकडे त्यांचें लक्ष वळलें. त्यांच्या नांवानें उत्तरेंतील दात्यांकडून देणग्या मिळूं लागल्या. पण कृष्णवर्णी विद्यार्थ्यांचें प्रमाण मात्र उतरत गेलें. गरिबी खरी होती, पण एका गरिबाला जवळ करतांना दुसरा दूर सरला, हें झांकण्यांत अर्थ नाहीं. कार्टर वुडसन हे पूर्वींच्या गुलामांचे पुत्र. कोळशाच्या खाणींत राबलेले. त्यांनीं १९०३ सालीं येथील पदवी घेतली. ते पुढें मोठे इतिहासकार झाले. दुसऱ्याच वर्षीं केंटकीच्या विधिमंडळानें ‘डे’ कायदा करून दोन्ही वर्णांना एकत्र शिकविण्यास बंदी घातली. मोडणाऱ्या संस्थेस १,००० डॉलर दंड. कॉलेज सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढलें व १९०८ सालीं हरलें. न्यायमूर्ति हार्लन हे स्वतः केंटकीचे, गुलाम बाळगणाऱ्या घराण्यांतले. त्यांनीं विरुद्ध मत नोंदविलें, परंतु त्याचा उपयोग झाला नाहीं. मग कॉलेजनें पैसा उभारून सिंप्सनव्हिलजवळ ‘लिंकन इन्स्टिट्यूट’ ही निराळी शाळा १९१२ सालीं काढली. बेरियांत फी माफच होती, पण ती आतां केवळ गोऱ्यांना. १९५० सालीं कायदा सैल होतांच बेरियानें कृष्णवर्णी विद्यार्थ्यांना पुन्हां प्रवेश दिला.

आतां पैशाविषयीं. १९२० सालीं विश्वस्तांनीं ठरविलें कीं, मृत्युपत्रान्वयें विनाअट मिळालेली रक्कम खर्च न करतां मूळ निधींत घालावी, आणि व्याजावर कारभार चालवावा. चालूं गरज भागविण्याचा मोह टाळणें संस्थांना किती जड जातें, हें कोणत्याहि कार्यवाहास विचारावें. तो निधि आतां एक अब्ज डॉलरांच्या वर गेला असून कॉलेजचा बहुतेक खर्च त्याच्या उत्पन्नांतून भागतो. ज्यांच्या घरीं पैसा बेताचा, अशा विद्यार्थ्यांसाठींच हें कॉलेज आहे. आणि प्रत्येकास आठवड्यास निदान दहा तास काम करावें लागतें.