मिठीच्या तळाशी

१८६० साली साष्टीच्या डोंगरांत विहारचा तलाव बांधून पुरा झाला आणि मुंबई शहरास प्रथमच नळाचे पाणी मिळाले, ही हकिकत शहराच्या इतिहासात अभिमानाने सांगितली जाते. परंतु ज्या मिठी नदीच्या माथ्यावर हा बांध पडला तिच्या वाट्याला सांडव्यावरून उतरणारे पाणी तेवढे उरले, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तीस वर्षांनी पवईचाही तलाव झाला. पावसाळ्यात या दोन तलावांचे ओसंडलेले पाणी घेऊन साकीनाका, कुर्ला, कलिना अशी सुमारे १८ किलोमीटरांची वाट चालत ती माहीमच्या खाडीस मिळते. एरवीच्या आठ महिन्यांत तिच्या वरच्या पात्रातून वाहते ते बहुतांशी काठच्या वस्त्यांचे व कारखान्यांचे सांडपाणी, आणि मिठीच्या दुर्दशेचे मूळ मला येथेच दिसते, कारण जिला स्वतःचे पाणी नाही त्या नदीत पडलेले विष विरत नाही.

१९५० साली अंधेरी महापालिकेच्या हद्दीत आली, आणि पुढील दशकांत मरोळ-साकीनाक्याच्या बाजूस मोठ्या कारखान्यांच्या आश्रयाने लहानलहान गाळे उभे राहिले. त्यांतील प्लेटिंगच्या, म्हणजे मुलाम्याच्या, धंद्याची रीत अशी की, वस्तू प्रथम आम्लात धुवायची, मग निकेलच्या क्षारद्रवात विजेच्या प्रवाहाखाली बुडवायची, त्यानंतर क्रोमिक आम्लात, आणि प्रत्येक हौदातून निघाली की पाण्यात विसळायची. ही विसळणी शुद्ध न करता सोडली की गटारातून नाल्यात आणि नाल्यातून नदीत जाते. हौदावर उभ्या राहणाऱ्या मजुराच्या नाकातील पडद्यास क्रोमिक आम्लाच्या वाफाऱ्याने छिद्र पडते, हा या धंद्यातील जुना रोग. नदीच्याही आधी हे विष त्याच्या देहात शिरते.

मैला कुजतो, जिवाणू त्याचा फडशा पाडतात. धातूला ही गती नाही. तो चिखलाच्या कणांना चिकटून तळाशी बसतो. संशोधकांनी मिठीचा गाळ तपासला तेव्हा त्यात शिसे, क्रोमियम, निकेल, कॅडमियम ही सारी मंडळी सापडली. पैकी कॅडमियम मूत्रपिंडांत वर्षानुवर्षे साठते, आणि शिसे बालकांच्या मेंदूची वाढ खुंटवते. शिशाची निर्धोक अशी कोणतीही मात्रा वैद्यकशास्त्रास ज्ञात नाही.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, मिठीने काठ सोडला, आणि विस्मृतीत गेलेली ही नदी सरकारी दप्तरात परतली. पुढल्याच महिन्यात तिच्यासाठी प्राधिकरण स्थापन झाले. पात्र रुंद व खोल करण्याचे काम निघाले. पुरात माणसे गेली होती, तेव्हा ते आवश्यकच होते. तथापि त्या दिवसापासून गाळ हा केवळ पाण्याची वाट अडवणारा पदार्थ मानला गेला, त्याचा हिशेब आकारमानाने होऊ लागला, आणि त्यातील धातूंचा प्रश्न मागे पडला, याचे मला दुःख होते. मातीत साठलेला धातू काढणे किती लांबते ते पाहा: जपानात जिंझू नदीच्या पाण्याने खाणींतील कॅडमियम भातशेतीत पसरले, तेव्हा त्या शेतांची माती बदलण्याचे काम १९७९ पासून २०१२ पर्यंत, म्हणजे ३३ वर्षे, चालले होते.