आधी मागणी, मग शिक्षणक्रम

नाशिकहून गंगापूर धरणाकडे जाताना गोवर्धन गावाजवळ यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा परिसर लागतो. विद्यापीठाची स्थापना १ जुलै १९८९ची. त्याची वाटचाल सांगताना ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद हमखास येतं, आणि ते रास्तच आहे. मला मात्र या वाटचालीतली दुसरी एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. शिक्षणक्रम काढण्याआधी तो कोण घेणार आणि घेऊन काय करणार, हा प्रश्न इथे सुरुवातीपासूनच टाळता येण्यासारखा नव्हता.

पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले पुणे विद्यापीठाचं कुलगुरुपद भूषवून आले होते, पण नेहमीच्या महाविद्यालयांचं गणित इथे लागू नव्हतं. नेहमीच्या महाविद्यालयाला विद्यार्थी शोधावे लागत नाहीत. बारावीचा निकाल लागला की मुलं कुठे ना कुठे प्रवेश घेतातच. मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी मात्र दिवसभर कामात असलेला: कुणी शेतात, कुणी शाळेत, कुणी दुकानात. दमून घरी आल्यावर तो पुस्तक उघडणार, तर त्यातून हातातलं काम सुधारलं पाहिजे किंवा नोकरीत एक पायरी वर चढता आलं पाहिजे. नाहीतर तो पहिल्या दोन संपर्कसत्रांनंतर यायचा थांबतो.

सेवेतल्या शिक्षकांसाठीचा बी.एड. शिक्षणक्रम पाहा. शाळेत शिकवतायत, अनुभव आहे, पण प्रशिक्षण नाही, अशी माणसं राज्यभर होती. पगार सोडून पूर्णवेळ बी.एड. करणं त्यांना परवडणारं नव्हतं. इथली मागणी शाळांच्या मस्टरवरच लिहिलेली होती आणि नोकरी तर आधीपासूनच हातात होती.

कृषीचंही तसंच. १९९०-९१च्या सुमारास रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजनेनं राज्यात फळबागांचं क्षेत्र झपाट्यानं वाढू लागलं. नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागा तर आधीच जोमात होत्या. बाग वाढली की रोपवाटिका लागते, कलमं बांधणारा हात लागतो, फवारणीचं गणित कळणारा माणूस लागतो. मुक्त विद्यापीठाच्या कृषी शिक्षणक्रमांत माळीकामाचं प्रमाणपत्र, फळबाग उत्पादन, भाजीपाला उत्पादन, फुलशेती अशा पायऱ्या दिसतात. ज्याला जेवढं लागतं तेवढं त्यानं घ्यावं आणि कामाला लागावं, पुढे वाटलं तर पुन्हा यावं. पुस्तकं मराठीत आणि प्रात्यक्षिक शेतावर. कामाच्या गरजेपासून मागे येत आखणी केली की शिक्षणक्रमाला असा आकार येतो.

याच महाराष्ट्रात उलटंही घडलं. दोन हजारच्या दशकात डी.एड. महाविद्यालयांना भराभर परवानग्या मिळाल्या. प्रवेशासाठी रांगा होत्या आणि सगळ्यांनी त्या रांगेलाच मागणी मानलं. ऑक्टोबर २०११मध्ये राज्यभर शाळांची पटपडताळणी झाली, फुगवलेले पट उघडे पडले आणि शिक्षक अतिरिक्त ठरू लागले. २०१२मध्ये शिक्षकभरती थांबली. मग वर्ग ओस पडले, महाविद्यालयं बंद झाली. हाती पदविका घेऊन घरी बसलेल्या मुलामुलींची उमेदीची वर्षं मात्र कुणी परत दिली नाहीत. प्रवेशाची मागणी आणि नोकरीची मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आईवडिलांच्या आशेवर चालते, दुसरी पगार देणाऱ्याच्या गरजेवर. संस्थाचालक पहिली मोजून दुसरी गृहीत धरतो, तेव्हा त्याचा भार विद्यार्थ्यावर पडतो.

आज नवं महाविद्यालय किंवा विद्याशाखा काढायची तर विद्यापीठाच्या बृहत आराखड्यात जागा हवी, मग शासनाचं इरादापत्र, मग अंतिम मान्यता. २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात ही चौकट आहे आणि ती आवश्यकच आहे. पण आराखडा तालुका पाहतो. कारखान्यातल्या पाळीवर माणूस कमी आहे की नाही, हे संस्थेला स्वतः जाऊन पाहावं लागतं.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या उद्योजकांना ‘तुम्हाला प्रशिक्षित मुलं हवीत का?’ असं विचारलं तर ‘हो’ हेच उत्तर येणार. विचारायचं ते असं: गेल्या वर्षी या कामावर किती जणांना घेतलं? कुठून आले? पहिला पगार किती दिला? किती जण सहा महिन्यांत सोडून गेले? हे प्रश्न व्यवस्थापकाबरोबरच लाइनवरच्या सुपरवायझरलाही विचारावेत, कारण नवख्या मुलाला काय येत नाही हे त्यालाच रोज दिसतं. शिवाय आज मंजूर झालेल्या पदवीची पहिली तुकडी चार-पाच वर्षांनी बाहेर पडते. तोवर आजची टंचाई टिकेल का, हाही हिशेब हवा.

आमच्याकडचा द्राक्ष बागायतदार ऑक्टोबर छाटणीआधी काडी तपासून घेतो. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली काडीवरचा डोळा उघडून पाहतात, कितव्या डोळ्यात घड आहे ते कळतं, मगच कात्री कुठे लावायची ते ठरतं. एका हंगामासाठी शेतकरी एवढी काळजी घेतो. तीन वर्षांच्या पदवीसाठी संस्थेनं याहून कमी घेऊ नये.

मागणी खरी असली तरी वाट मोकळी असतेच असं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) दूरशिक्षणातून कृषीच्या पदव्या देण्याला मनाई केली. म्हणून ज्याला मुक्त शिक्षणातून काही उभं करायचंय, त्यानं नियामकाचा कलही आधीच जोखायला हवा आणि लहान, कामाला थेट भिडणाऱ्या प्रमाणपत्रांकडे अधिक गांभीर्यानं पाहायला हवं.

नाशिकमध्ये असं एक काम समोरच पडलेलं आहे. पेठ-सुरगाण्याहून दरवर्षी मजुरांच्या टोळ्या दिंडोरी-निफाडच्या बागांत छाटणी, विरळणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं) करायला येतात. निर्यातीच्या घडाचा दर्जा त्यांच्या बोटांवर ठरतो, तरी त्यांच्या हाती या कौशल्याचं प्रमाणपत्र सहसा नसतं. त्यांच्यासाठी शिक्षणक्रम काढायचा तर तो छाटणीआधी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पेठ-सुरगाण्यातच घ्यावा लागेल, पाठ्यपुस्तकापेक्षा वेलीवर शिकवावा लागेल आणि शिकण्याच्या दिवसांची मजुरी द्यावी लागेल. त्याआधी बागायतदारांना एकच विचारायचं: प्रमाणपत्र असलेल्या हाताला तुम्ही रोजाचे किती रुपये जास्त द्याल?