शब्दवेध : बिस्त्रो

पॅरिसमध्ये नाटकाआधी जेवायचं तर बिस्त्रोच गाठावा. दारात खडूने लिहिलेली पाटी, आत एकमेकांना खेटून मांडलेली टेबलं आणि कांद्याच्या सुपावर वितळलेल्या चीजचा जाड थर. चमचा उचलला की तार वाडग्यापासून थेट ओठापर्यंत येते.

या शब्दाची एक गोष्ट माँमार्त्रच्या ‘ला मेर कातरिन’ या खाणावळीच्या भिंतीवरच लावलेली आहे. ३० मार्च १८१४ रोजी रशियन कोसॅक तिथे ‘बिस्त्रो!’ म्हणजे ‘लवकर!’ असं ओरडत दारू मागत होते म्हणे. नाटकाच्या घाईला ही गोष्ट फार शोभते. पण छापील फ्रेंचमध्ये हा शब्द सापडतो तो १८८४ साली. सत्तर वर्षं लोकांच्या तोंडी असलेला शब्द कागदावर कुठेच उमटू नये, हे मला पटत नाही. पश्चिम फ्रान्सच्या बोलीत याच उच्चाराच्या जवळचा एक शब्द आहे, अर्थ हाताखालचा पोऱ्या. मला तो जवळचा वाटतो, कारण ‘बिस्त्रो’ आधी गुत्तेवाल्याला म्हणत, जागेला नंतर. आमची तिकिटं टेबलावर दिसताच न सांगता बिल घेऊन आला, तोही असाच एक पोरगेला वाढपी होता.